टीबी नव्हता तो

घाटकोपर ते अंधेरी हा माझा रूट. मी बसची कंडक्टर आहे. हा रस्ता मला कुणी विचारला तर स्टॉपची नावं नंतर येतील. आधी असल्फ्याचा पेट्रोल पंप, तिथला संडास बरा आहे पण चावी मागावी लागते. मग साकीनाक्याचा उडपी, चहा घेतला तर जाऊ देतो. त्यानंतर मरोळपर्यंत काहीच नाही, आणि ट्रॅफिक सगळा तिथेच.

सुरुवात पोटदुखीने झाली. जेवल्यावर अर्ध्या तासाने उजव्या बाजूला, खाली, कळ यायची आणि मग धावपळ. आमच्या वस्तीतल्या डॉक्टरने पहिल्यांदा विचारलं, "बाहेरचं खाता का?" कंडक्टर बाहेरचं नाही खाणार तर काय खाणार? त्याने पुड्या दिल्या. पुढच्या महिन्यात जंताच्या गोळ्या, त्याच्या पुढच्या महिन्यात आव पडल्याचं औषध. दुसऱ्या डॉक्टरने टेन्शन म्हणून सांगितलं. वर्षभर मी असं करत राहिले. युनिफॉर्मचा कुर्ता दोनदा आत घेतला. शिवणारी बाई म्हणाली, "डाएट करतेस का गं? मस्त दिसतेस."

आम्ही राहतो डोंगरावरच्या वस्तीत, आई आणि मी. चाळीस घरांना सहा संडास. तिथे कोण किती वेळा जातं ते सगळ्यांना माहीत असतं. मी सकाळी चौथ्यांदा बादली उचलली की समोरच्या बाया बोलायच्या थांबत. आई दारातूनच ओरडायची, "परत चललंस गो? तुका बाहेरचा खाव नको म्हणान किती वेळा सांगलंय!" कधी कधी बादली तशीच ठेवून परत यायचे, आणि पाच मिनिटांत पुन्हा उचलायचे.

शेवटी एकदा डेपोतच चक्कर येऊन पडले, तेव्हा पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथे दुर्बीण घालून आतडं बघितलं. लहान आतडं संपतं तिथे जखमा होत्या. तपासणारी डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असेल, पण सरळ बोलली. "हा आतड्याचा टीबी असू शकतो. दुसराही एक आजार असतो, क्रोन्स म्हणतात. दोन्ही दिसायला सारखेच, आतड्याचा तुकडा तपासूनही नक्की कळलेलं नाही. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून आधी टीबीची औषधं देऊ. मग परत बघू."

घरी आल्यावर टीबीचं सांगण्याआधी मी आईला दार लावायला सांगितलं. हा पोटातला आहे, खोकल्यातून पसरत नाही, असं डॉक्टरने समजावलं होतं. पण चाळीस घरांना कोण समजावणार? आईने कुणाला सांगितलं नाही. मीच माझं ताट वेगळं ठेवायला लागले, तर तिने ते उचलून परत मांडणीत घातलं. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, तोंड कडू व्हायचं. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते. इतके महिने, मग सुटका. ही एक गोष्ट मला धरून होती.

चौथा महिना संपला तरी पोट तसंच होतं.

माझ्या गाडीचा ड्रायव्हर साठीला टेकलेला माणूस. मी त्याला मामा म्हणायचे. त्याने मला कधी काही विचारलं नाही, पण डेपोतून निघताना आरशात माझा चेहरा बघायचा. एक दिवस साकीनाका सोडला आणि कळ आली. रस्ता खणलेला, गाडी मुंगीच्या पावलाने. गाडी खच्चून भरलेली. मी दांडा धरून उभी राहिले, तिकिटाचं मशीन हातात, आणि एका बाईला दोनदा तेच तिकीट दिलं. मरोळच्या आत गल्ली वळते तिथे मी थांबायची बेल मारली. एकदा. मग परत एकदा.

"मामा, मला उतरायला लागेल."

"स्टॉप नाय हा."

"मामा, प्लीज."

त्याने गाडी बाजूला घेतली. मागून कुणी ओरडलं, "ओ मॅडम, ऑफिसला जायचंय आम्हाला!" मामा सीटवरून वळून म्हणाला, "गाडी गरम झालीय. पाच मिनिटं." मी पैशांची बॅग गळ्यात तशीच ठेवून पळाले.

गल्लीत जुनी बैठी घरं, अंगणात क्रूस. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. मी काय बोलले आठवत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, सूप बाजूला केलं आणि म्हणाली, "मागच्या दारी. चपला ऱ्हाऊ दे, जा."

मी बाहेर आले. तिने पाणी दिलं. विचारलं, "पोटाचं जुनं दुखणं काय गो?" मी मान हलवली. ती म्हणाली, "माझ्या घोवाला होतं. आतडं कापलं त्याचं. मग पोटावर संडासाची पिशवी लावून नऊ वर्षं जगला. चांगला जगला, लग्नात नाचायचा." ती मला धीर देत होती, हे आता कळतं. तेव्हा मला फक्त पिशवी ऐकू आली. मी आभारही मानले नाहीत. गाडीत चढले, निघायची डबल बेल दिली. त्यानंतर कित्येक आठवडे ती गल्ली आली की मी दुसऱ्या खिडकीकडे बघायचे.

मग परत दुर्बीण. त्याआधी पोट साफ करायला औषध घातलेलं पाणी प्यायला देतात, तांब्यावर तांबे. घरात संडास असणाऱ्यांसाठी त्या औषधावरची सूचना लिहिलेली असावी. दुपारी तीन वाजता मी पहिला ग्लास घेतला. आईने प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि शेवटच्या संडासाच्या दाराशी जाऊन बसली. समोरची बाई बादली घेऊन आली, तर आई म्हणाली, "आज ह्यो संडास आमचो. तुमी बाजूच्यात जावा."

"असं कसं मावशी? किती वेळ?"

"माझ्या चेडवाची उद्या तपासणी आसा. होईपर्यंत."

ती बाई गेली, आणि थोड्या वेळाने दोन बादल्या भरून घेऊन आली. एक माझ्यासाठी ठेवली. संध्याकाळपर्यंत आणखी तिघींनी पाणी आणून ठेवलं. इतके महिने मी ज्यांच्यापासून तोंड लपवत होते त्यांच्यातल्या एकीनेही विचारलं नाही, काय झालंय म्हणून. मी दाराच्या आत बसून रडले, पण ते औषधाने असेल.

जखमा तशाच होत्या. डॉक्टर म्हणाली, "हा टीबी नाही. क्रोन्स आहे."

"मग यातून बरी कधी होणार?"

तिने पेन खाली ठेवलं. "आटोक्यात राहतो. शांत राहतो, वर्षानुवर्षं राहू शकतो. पण औषधं चालू ठेवायची."

"किती महिने?"

"महिने नाही."

बाहेर येऊन मी बाकावर बसले. वाटलं, टीबी का नव्हता? टीबीला शेवट असतो. घरी गेल्यावर आईने विचारलं, "मगे काय सांगल्यान?" मी सांगितलं की टीबी नाही. तिने देवासमोर साखर ठेवली. मी तिला थांबवलं नाही.

पुढच्या गोळ्यांनी माझा चेहरा सुजला, चंद्रासारखा गोल. शिवणाऱ्या बाईने कुर्ता परत उसवला. मग दुसरी गोळी आली. ती घ्यायची तर दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला लागतं, आणि त्या दिवशी सुट्टी. डेपोने मला काही महिने आत टेबलावर बसवलं. संडास दहा पावलांवर. तिथे माझं पोट शांत होत गेलं आणि डोकं अशांत. भिंतीकडे तोंड करून कागद लावताना मला बसचा धक्का आठवायचा. मी अर्ज करून परत रूटवर गेले. डॉक्टरने "विचार केलाय ना?" म्हणून विचारलं. खरं तर नव्हता केला.

आता वजन परत आलंय. महिना महिना काही होत नाही. पण जेवल्यावर मी आजही अर्धा तास वाट बघते. कळ आली नाही तर तेही खरं वाटत नाही.

मामा या मार्चमध्ये रिटायर झाला. त्याच्या जागी आलेला ड्रायव्हर चौतिशीचा, कानात सतत इयरफोन. पहिल्या दिवशी डेपोत गाडी सुरू करायच्या आधी मी केबिनपाशी गेले. आदल्या दिवसापासून वाक्य जुळवत होते, तरी ते वेडंवाकडंच आलं.

"हे बघ, मला आतड्याचा आजार आहे. कायमचा. आत्ता ठीक आहे. पण कधी मधेच गाडी थांबवायला सांगितली तर थांबवायची. कारण विचारायचं नाही."

त्याने एका कानातला इयरफोन काढला. "किती वेळ?"

"पाच मिनिटं. जास्तीत जास्त दहा."

"आणि पब्लिक ओरडलं तर?"

"ओरडेल."

त्याने दुसराही इयरफोन काढला. मग म्हणाला, "सिंगल बेल तर स्टॉपला पण मारणार ना तू. मला कसं कळणार? तीन मार. लागोपाठ."

"चालेल," मी म्हणाले, आणि मागे जाऊन माझ्या जागेवर उभी राहिले.