टीव्हीत दिसलेली आई

मुळशी खोऱ्यातल्या आमच्या गावात शूटिंगवाले आले तेव्हा मी सातवीत होते. जंगल वाचवा, असं सांगणारी एक नाटिका त्यांना टीव्हीसाठी करायची होती. त्यातल्या नटीला डोक्यावर मोळी घेऊन उतार उतरता येईना. लांबून चालताना दाखवायला त्यांनी आईला बोलावलं. ती एक दिवसाआड डोंगरातून सरपण आणायचीच.

तिची मोळी बघून त्यांचे साहेब म्हणाले, "बाई, हे तर वाळकं आहे. झाड तोडून आणल्यासारखं दिसायला हवं."

"वाळकंच आनतो आमी. वलं जळत न्हाई, नुस्ता धूर हुतो."

साहेबांच्या माणसाने जांभळीच्या चार फांद्या तोडल्या आणि मोळीवर बांधल्या. आई तीन वेळा उतार उतरली. तिला चहा दिला.

काही महिन्यांनी ती नाटिका ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर लागली. सगळा गाव सतरंजीवर बसला होता. आधी एक उजाड डोंगर दिसला. तो आमच्याकडचा नव्हता. मग आई दिसली. मागे रडवं संगीत, आणि नायक म्हणाला, यांच्या चुलींनीच रान खाल्लं.

"अगं, ही तर तू हायेस!" शेजारीण म्हणाली. बायका हसल्या. मी आईकडे बघितलं नाही. नंतर बातम्या लागल्या.

पुढच्याच आठवड्यात फॉरेस्टच्या गार्डाने तिला वाटेत अडवलं. तो तिला वर्षानुवर्षं ओळखत होता. तरी म्हणाला, "टीव्हीत बघितलं की तुला, वल्या फांद्या घिऊन चालल्याली." त्याने कोयता काढून घेतला.

"सांगायचं न्हाई का, फांद्या त्यांनी तोडल्या म्हनून?" वडील म्हणाले.

"त्यानं डोळ्यांनी बघितलंय. माझं कोन ऐकतंय?"

ती पीठ चाळत राहिली. त्यानंतर ती डोंगरात गेली नाही. आमची चूल शेणी-गोवऱ्यांवर आणि बांधावरच्या काटक्यांवर चालली.

त्या वर्षी शाळेत वृक्षतोडीवर निबंध होता. मी नाटिकेतलीच वाक्यं लिहिली. बायका मोळ्या नेतात म्हणून डोंगर उजाड होतात, असंही लिहिलं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. घरी आईने मला तो वाचायला लावला. मी सगळा वाचला, काही न गाळता. ती भाकरी उलटत होती.

"बरं लिवलंस," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं होतं का, हे मी पुष्कळदा आठवून बघते. वाटलं नव्हतं. मला भूक लागली होती. मी ताट घेऊन बसले.