साध्या पाण्याची बरणी

विज्ञान कुणाची भीड ठेवत नाही, असं मी शहापूरच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. मी मात्र एकदा ठेवली — स्वतःचीच. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर त्यात निम्मी सामील होती.

आज सांगणार आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो, पाणी आंबट होत जातं आणि शिंपल्यांची कवचं ठिसूळ होतात, असं मी कुठंसं वाचलं होतं. वर्गात सांगितलं. सापगावची वंदना, दहावीतली, तिनं ते मनावर घेतलं. वर्गात सांगितलेलं कुणी मनावर घेतं, याची मला सवय नव्हती.

बाजारातल्या कोळणीकडून तिनं जिवंत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणल्या, कॅनभर समुद्राचं पाणीही. दोन बरण्या. एकीत ती सलाइनच्या नळीनं रोज स्वतःचा श्वास फुंकायची, दुसरी साधी. नंतर कवचावर फळी, फळीवर डबा, डब्यात हळूहळू वाळू — कवच कट्कन मोडलं की वाळू तोलायची. मुरबाडच्या प्रदर्शनात नंबर आला तर सायन्सला घालीन, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं.

शाळेत उंदीर, म्हणून बरण्या माझ्या घरी. आणि मोजणीच्या आधी आली गटारी. कसाऱ्याहून मेहुणा आला, बाटली घेऊन. कोंबडीवाल्याकडचं सगळं संपलेलं.

"दाजी, उद्यापासून म्हयनाभर गवत खायचाय. आन् तुमी बरणीत तिसऱ्या पाळताय?"

मी विरोध केला का? केला — फुंकलेल्या बरणीला हात लावू दिला नाही. साध्या पाण्यातल्या खाल्ल्या. त्या निरोगी होत्या ना.

सकाळी शुद्धीवर आलो. दुसऱ्या आणायच्या तर श्रावण लागलेला, कोळीण महिनाभर फिरकणार नव्हती. मग मी ताटातली कवचं गोळा केली, मसाला घासून काढला आणि बरणीत परत टाकली. वंदनाला म्हणालो, "प्राणी मेले, म्हणून साफ करून ठेवली." तिनं विश्वास ठेवला. का ठेवणार नाही?

शिजवलेली कवचं फुंकलेल्या पाण्यातल्यांच्या आधीच मोडली. तिनं पुन्हा पुन्हा मोजलं — तेच. आणि जे आलं तेच तक्त्यावर लिहिलं. मी तिला तसंच शिकवलं होतं.

मुरबाडला उद्घाटकांनी विज्ञानयुगावर लांबलचक भाषण केलं. मुहूर्त टळू नये म्हणून नारळ आधीच फोडून घेतला होता. मग परीक्षक वंदनाच्या टेबलाशी आले, तक्ता वाचला आणि हसले. "म्हणजे आंबट पाण्यानं कवच मजबूत होतं? मग समुद्रात लिंबं पिळू या की, मुली!"

"सर, माझं वजन नाय चुकलं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "तुमी सांगा ना."

एक वाक्य पुरलं असतं. मी खाल्ल्या, एवढंच. लोक हसले असते — माझ्यावर. मी काय म्हणालो?

"पोरीनं बरण्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या असतील."

तिनं फळीवरची वाळू हातानं गोळा केली, डब्यात भरली. मागे उभे असलेले वडील पुढे आले. "चल गो, झालं तुझं सायन्स."

तिनं आर्ट्स घेतलं. एकदा आसनगाव स्टेशनवर भेटली, वाकून नमस्कार केला, म्हणाली, "तेव्हा माझ्यामुळं तुमाला खाली बघायला लागलं, सर." तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "असू दे."

दारू मेहुण्याची होती, भूक माझी होती — पण ते वाक्य बोललो तेव्हा मी शुद्धीत होतो, पोट रिकामं होतं आणि श्रावण चालू होता.

आणि तिसऱ्या खारट झाल्या होत्या. पाण्यात मीठ होतंच, बायकोनं वरून पुन्हा घातलं.