हज्जनबीचा जबाब

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता जबाब कोणत्या गुन्ह्यातला, हेही सांगता येत नाही. परंड्याच्या एका मनियारणीचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. गुन्हा मी उघडकीस आणला, आरोपीला शिक्षा झाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरी ती आठवण सुखाची नाही.

निजामाच्या राजवटीतली ती शेवटची वर्षे. महायुद्ध संपून हजच्या बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी परंड्याला अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत ठाण्याचा फौजदार. रोजनामचा उर्दूत आणि चौकशी मराठी-दखनीत, असा आमचा कारभार. सकाळी जवानांची हजेरी, मग गस्तीचा अहवाल, मग बांधावरच्या भांडणांच्या तक्रारी. मोठा गुन्हा क्वचितच.

ही मनियारीण साठीची विधवा. बांगड्यांची टोपली घेऊन घरोघर जायची. लग्न हिंदूंचे असो की मुसलमानांचे, चुडा तिच्याच हातचा. आदल्या वर्षी ती आणि तिचा धाकटा भाऊ हजला गेले होते. भाऊ पिंजारी. या एका गोष्टीसाठी दोघांनी आयुष्यभर मन मारले होते. परत आली ती एकटीच. भावाने हज पुरा केला आणि मक्केतच डोळे मिटले, असे तिने सांगितले. गाव हळहळले, पण असे मरण नशिबाने मिळते असेही म्हणाले. तेव्हापासून सगळे तिला हज्जनबी म्हणू लागले. नव्या बाळाच्या डोक्यावर पहिला हात तिचा ठेवायचा. तिच्या भावजयीलाही मान मिळू लागला.

पुढच्या हंगामात एके दिवशी दुपारी मोटार अड्ड्यावरचा चहावाला ठाण्यात आला. तक्रार नव्हती, पण त्याला काहीतरी खटकले होते. हजला माणसे नेणारा, आदल्या वर्षी या दोघा भावंडांना घेऊन गेलेला मनुष्य कुर्डुवाडीच्या मोटारीतून उतरला होता. जवळच्या खेड्यातली दोन म्हातारी जोडपी या वर्षी न्यायची, असे तो सांगत होता. तेवढ्यात समोरून मनियारीण गेली.

चहावाला म्हणाला, "साहेब, तिला बघितलं आन् त्यानं तोंड फिरवलं. अर्धा चहा टाकून मागल्या दारानं गेला. ज्याच्या हातून एवढं पुण्य झालं, त्यो तोंड कशाला लपवंल?"

खबर एवढीच. पण लोकांची तोंडे दिवसभर बघणाऱ्या माणसाची खबर मी कधी हलकी मानली नाही. जमादाराला पाठवून त्या मनुष्याला चौकशीला बोलावले.

तो चाळिशीचा, स्वच्छ कपड्यांतला, मृदू बोलणारा होता. बोलण्यात अरबी शब्द पेरायचा. मक्केतल्या एका मोठ्या मुअल्लिमाचा, म्हणजे यात्रेकरूंची व्यवस्था बघणाऱ्याचा, आपण इकडचा प्रतिनिधी आहोत असे त्याने सांगितले. कागदपत्रे वरवर ठीक दिसत होती. तासभर विचारूनही काही हाती लागले नाही. उलट तोच म्हणाला, की शंका असेल तर हज्जनबीलाच विचारा. गावात तिला हज्जनबी म्हणतात एवढे त्याने अड्ड्यावर ऐकले होते आणि त्यावरून ती गप्पच राहील अशी त्याला खात्री होती, हे मला नंतर कळले.

मी सहज विचारले, "आणि तिचा भाऊ? त्याची तब्येत कशी होती तिकडे?"

"अगदी ठणठणीत. दोघांनाही परतीच्या बोटीत मीच बसवलं. भाऊ तर माझ्या गळ्यात पडून रडला."

जमादाराने माझ्याकडे पाहिले. पिंजाऱ्याच्या मृत्यूची गोष्ट परंड्यात लहान पोरालाही ठाऊक होती. ज्याने त्याला नेले, त्यालाच ती माहीत नव्हती. मी त्याला कोठडीत बसवले आणि मनियारणीच्या घरी गेलो.

ती अंगणात बसून मापाप्रमाणे बांगड्या दोऱ्यात ओवत होती. मी विषय काढताच म्हणाली, "मी हज करून आले, साहेब. गावाला ठावं हाय." मग मी कोठडीतला मनुष्य काय म्हणाला ते सांगितले. दोरा खाली ठेवून तिने विचारले, की या वर्षी कोण जाणार आहे. मी सांगितले. त्यातल्या एका म्हातारीला नीट दिसत नाही, हेही सांगितले. ते मी मुद्दाम सांगितले होते.

मग ती बोलू लागली. मुंबईपर्यंत आणि बोटीवर त्या मनुष्याने पोटच्या लेकासारखी काळजी घेतली होती. मक्केच्या अलीकडच्या जिद्दा बंदरात उतरल्यावर भाषा परकी, रस्ते परके. 'खाला', म्हणजे मावशी, म्हणून हाक मारणारा तोच एक. सरकारी शिक्का मारून आणतो म्हणून त्याने दोघांचे परवाने, परतीची तिकिटे आणि गळ्यातल्या पैशांच्या पिशव्या घेतल्या. बंदराजवळच्या एका खोलीत ठेवून सांगितले, "लॉरी परवा येईल. कागदाशिवाय बाहेर पडू नका, पकडतील." तो पुन्हा आला नाही. चार दिवस दोघे दाराकडे बघत बसली. पाचव्या दिवशी भाऊ बाहेर पडला, पण त्याचे बोलणे कुणाला कळेना आणि कागदाशिवाय पुढे कुणी सोडेना. अरफातचा दिवस, ज्याच्यावाचून हज होत नाही, त्या खोलीतच गेला. बोटीवर नेसलेला इहराम, यात्रेकरूची ती दोन पांढरी वस्त्रे, भावाने अंगावरून उतरवलाच नाही. आठवड्याभरात त्याने त्याच खोलीत डोळे मिटले. हैदराबादेकडच्या काही यात्रेकरूंनी मनियारणीला परतीच्या बोटीत जागा मिळवून दिली. त्यांच्यातल्या बायांनी दिलेला खजूर तिने गावात वाटला.

"मक्का एका मुक्कामावर हुती, साहेब," ती म्हणाली. "गावाला काय सांगणार? म्हनलं, भावाला तरी हाजी म्हणू द्या." मग तिने विचारले, "हे अदालतीत बोलावं लागंल? भावजयीसमोर?"

मी हो म्हणालो.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. मुंबईच्या बंदराला लिहून परतीच्या प्रवाशांच्या याद्या मागवता आल्या असत्या. त्यांत भावाचे नाव नाही, एवढ्यावरून आरोपीचे खोटे तिच्या जबाबाशिवाय उघडे पडले असते. त्याला दोन-तीन महिने लागले असते आणि तोवर आरोपीला धरून ठेवणे अवघड होते. हे कारण खरेच होते. पण गुन्हा झटपट निकाली काढायची मला हौस होती, हेही तितकेच खरे.

उस्मानाबादच्या अदालतीत ती उभी राहिली आणि न अडखळता सगळे बोलली. आरोपीची मान पहिल्यांदा तेव्हाच खाली गेली. त्याला सक्तमजुरी झाली. भावजय बाकावर बसून ऐकत होती. ती उठली आणि बाहेर गेली.

गावात परतल्यावर मनियारणीला कुणी हज्जनबी म्हटले नाही. फसवले कुणी हे लोक लवकर विसरले. हिने देवाच्या नावावर खोटे सांगितले, एवढेच लक्षात ठेवले. बाळाच्या डोक्यावर हात ठेवायला कुणी बोलवेना. मग चुड्यांसाठीही दुसरी मनियारीण येऊ लागली. भावजयीने दोघींच्या घरांमधले दार बंद करून घेतले. वाचलेल्या जोडप्यांपैकी एक म्हातारा मला बाजारात भेटला. आभार मानील असे वाटले होते. तो म्हणाला, "ह्या साली जायचं ऱ्हायलं, साहेब. फुडल्या सालापत्तूर कोण जगतंय?" तो खरोखरच जगला नाही.

माझी बदली झाली तेव्हा मी तिला भेटायला गेलो. मला दोष द्यावा असे मनातून वाटत होते. तिने दिला नाही. "तुमी तुमचं काम केलं," म्हणाली. "पण घरात आता आवाज न्हाय."

शिकवणाऱ्यांनी आम्हाला सांगितले होते, की खरे बाहेर काढणे हेच पोलिसाचे काम. ते मी आजही नाकारत नाही. पण त्या प्रकरणानंतर फिर्यादीचा किंवा साक्षीदाराचा जबाब घेण्यापूर्वी मी एक गोष्ट नेहमी विचारत आलो: घरात कोण कोण आहे आणि त्यांना काय सांगितले आहे? उत्तर ऐकून काही वेळा मी कागद बाजूला ठेवला आणि दुसरा पुरावा शोधला. त्यात वेळ गेला. दोन आरोपी त्या वेळात सुटलेही. त्या दोघांची नावे मला आठवत नाहीत.