शून्य ते दहाच्या मधले पेशंट

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते पेशंटच्या पाठोपाठ दार ढकलून आत येतात. मी युट्रेख्ट या डच शहरातल्या एका क्लिनिकमध्ये रिसर्चर आहे. काहींना जन्मतःच शिरांची वेडीवाकडी गाठ असते. आमच्या डॉक्टर आनेलीस त्या गाठीत इंजेक्शन देतात, म्हणजे शिरा आतून आक्रसतात. त्याने खरंच फरक पडला का, हे मोजायचं काम माझं. सोपं वाटतं ना? हसा!

*

योस्टच्या गालात अशी गाठ. उपचारानंतरचा फोटो बघून आनेलीस खुर्चीतून उठल्याच. "गाल सपाट! गेली गाठ!"

तेवढ्यात योस्टची सायकलची किल्ली पडली. तो वाकला, किल्ली घेऊन वर आला, तर गाल टम्म! डोकं खाली गेलं की गाठीत रक्त भरतं. आणि आम्ही आधीचा फोटो त्याला झोपवून काढलेला, हा ताठ बसवून!

आनेलीस शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वेळी किल्ली आधी पाडायची."

*

आणखी काही इंजेक्शनांनंतर योस्ट घरी केलेला सफरचंदाचा केक घेऊन आला. "आता वाकलो तरी ठणकत नाही!"

"समाधान किती, दहापैकी?"

"साडेसात!"

माझा चेहरा पडला. आमच्या घरी एवढेच मार्क आणले असते, तर रात्रीचं जेवण अबोल्यात झालं असतं. आनेलीस मात्र आनंदाने लालबुंद. "साडेसात? अगं, माझ्या नवऱ्यालाही मी सातच देते!"

*

मग आल्या सुलभाकाकू. मुलगा इथे आयटीत, म्हणून काकूही इथेच. उजव्या तळव्यात लहानपणापासून गाठ, जरा दाब पडला की कळ. या उपचारातून काय हवंय, हे आम्ही प्रत्येकाला विचारतो. काकू लाजल्या.

"टाळी द्यायचीय गं. आमच्या घरात विनोद झाला की सगळे एकमेकांना टाळ्या देतात. मी आपली हात मागे लपवून हसते."

मला भरूनच आलं. फाइलमध्ये उद्दिष्ट म्हणून तेच लिहिलं. आनेलीसनी विचारलं, "ही कुठली टेस्ट?"

*

पहिल्या इंजेक्शनांनंतर मी काकूंना विचारलं, "वेदना किती? शून्य ते दहा."

"दहा!" काकू प्रसन्न हसल्या.

आनेलीस हादरल्या. उपचार थांबवायची भाषा सुरू झाली. मी काकूंना बाजूला घेतलं. "एवढं दुखतंय का हो?"

"छे! दुखतंय कुठे? पण बाई इतक्या प्रेमाने करतात, त्यांना शून्य कसं देऊ?"

*

शेवटचा स्कॅन आला. गाठ जवळपास जशीच्या तशी. आनेलीस रडवेल्या झाल्या. "सॉरी. मी नापास. आकार कमी झालाच नाही." मी मराठीत सांगितलं.

काकू म्हणाल्या, "यांना सांग, आमच्या ह्यांच्या पोटावर वर्षानुवर्षं उपाय चाललेत, तिथेही आकार कमी झालेला नाही!"

मी कसंबसं डचमध्ये सांगितलं. आनेलीस फिस्सकन हसल्या. आणि काकूंचा उजवा हात पुढे आला. "द्या टाळी!"

फाट्! वेटिंग रूममधले दोघं दारात येऊन बघायला लागले. काकू आपल्या तळव्याकडे बघत राहिल्या, मी श्वास रोखून काकूंकडे.

"वेदना किती?" मी विचारलं. "शून्य ते दहा?"

काकू तोंड उघडणार, तेवढ्यात आनेलीस आपला हात झटकत ओरडल्या, "आठ!"