पाच दिवस, चार पॉइंट दोन

हवामान केंद्रातल्या निरीक्षकाचं घर केंद्राच्या आवारातच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी दिसायची. तिच्या फटींतून वारा आत जाई, ऊन मात्र नाही. आत तापमापक. बावीस वर्षं रोज सकाळी ठरल्या वेळी पेटी उघडायची, आकडे वहीत लिहायचे, मुख्य कार्यालयाला फोनवर सांगायचे, एवढंच काम. पण गल्लीत त्यांना हवामानकाका म्हणत आणि गाद्या उन्हात टाकायच्या आधी शेजारणी त्यांना विचारत, तेव्हा काकांची मान जरा ताठ होई.

थंडीच्या दिवसांत डोळ्याचं ऑपरेशन झालं. पाच दिवस वाकायचं नाही, बाहेर पडायचं नाही. नोंदी काकूंवर आल्या.

"वाचून झालं की पुढे काही करायचं असतं का?" काकूंनी विचारलं होतं.

"काही नाही. नुसतं वाच. हात लावू नकोस. तुझ्या हातून कपबश्या टिकत नाहीत, ते तर यंत्र आहे."

पहिल्या सकाळी चार पॉइंट दोन अंश. खरोखरच हाडं गोठवणारी थंडी होती. दुसऱ्या दिवशी चार पॉइंट दोन. तिसऱ्या दिवशीही.

"अहो, काल तर मी रात्री पांघरूण फेकून दिलं. तरी तेवढंच कसं?"

"तुझ्या पांघरुणावर हवामान चालत नाही," डोळ्यावरच्या पट्टीमागून काका म्हणाले. "यंत्र खोटं बोलत नाही."

पेपरात थंडीच्या लाटेचा मथळा आला. लहान मुलांच्या शाळा तासभर उशिरा भरू लागल्या. लोक घाम पुसत मफलर गुंडाळून हिंडत होते.

पाचव्या दिवशी मुख्य कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. "काल रात्रभर आभाळ भरलेलं होतं. ढग असले की जमिनीची ऊब वर निसटत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? तरी चार पॉइंट दोन?"

काकांच्या लक्षात आलं. किमान तापमानाच्या नळीत अल्कोहोल असतं आणि त्यात एक बारीक काडी. थंडीनं अल्कोहोल आकसलं की ते काडीला मागे ओढतं. हवा तापली की अल्कोहोल पुढे सरकतं, काडी मात्र जागच्या जागी राहते. म्हणून तर रात्रीचा नीचांक सकाळी सापडतो. पण वाचून झाल्यावर नळी तिरकी करून काडी पुन्हा अल्कोहोलच्या टोकाशी आणावी लागते. नाहीतर ती पहिल्या सकाळचीच थंडी सांगत बसते. काकूंनी नळीला हात लावला नव्हता. लावू नकोस म्हटलं होतं ना.

"साहेब, घरच्यांनी नोंदी घेतल्या," काका म्हणाले. "बायकांना काय कळतंय त्यातलं."

ओट्याशी चाललेली लाटण्याची हालचाल थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

पेपरात दुरुस्ती छापून आली. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं विचारलं, तेव्हा काकांनी तेच वाक्य सांगितलं. दुसऱ्यांदा ते तोंडातून सहज आलं. दोन दिवसांत काकूंचं नाव लाटकाकू पडलं. "या लाटकाकू, स्वेटर घालू की काढू?"

काकू भांडल्या नाहीत. फक्त दुकानात जायच्या बंद झाल्या. पिशवी काकांच्या हातात देत, यादीसकट. भिशीच्या मैत्रिणींकडेही डोकं दुखतंय म्हणून कळवलं. काकांना जेवताना घास फिरू लागला. बायको वाढत होती, काही कमी पडत नव्हतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

आठव्या दिवशी त्यांनी महिनाअखेर साहेबांकडे जाणाऱ्या नोंदवहीत शेरा लिहिला: काडी जागेवर आणण्याची सूचना मी दिली नव्हती, उलट हात लावण्यास मनाई केली होती, चूक माझी. सही केली. वही काकूंपुढे धरली.

काकूंनी हात पुसून ती नीट वाचली. "साहेबांना लिहिलंत होय. पण साहेब कुठे मला लाटकाकू म्हणतात?"

संध्याकाळी काका तिला घेऊन दुकानात गेले. चार-पाच गिऱ्हाइकं होती. ते मोठ्यानं बोलले, "ऐका. त्या आकड्यांची चूक माझी होती. हिनं विचारलं होतं, पुढे काय करायचं. मीच नळीला हात लावू दिला नाही. आणि नाव हिचं सांगितलं."

दुकानदार खो खो हसला. "वा काका! बायकोसाठी आळ अंगावर घेणारा माणूस आज पाहिला. काकू, नशीब काढलंत हो!"

"अहो नाही, खरंच—"

"राहू द्या, राहू द्या, कळतं आम्हाला." एका बाईनं कौतुकानं मान हलवली. कुणीतरी काकांच्या पाठीवर थाप मारली.

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती साबणाची वडी हातात घेऊन उभी होती.

"ऐकलंत ना," ती हळूच म्हणाली, "माझं नशीब." आणि वडी पिशवीत टाकून त्यांच्या पुढे दुकानाच्या पायऱ्या उतरली.