एक हात मोकळा

सुरतेत राहून कातळ चढते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तिथे चढायला आहे काय?" काही नाही. आमच्या वस्तीतली सगळ्यात उंच जागा म्हणजे पावसाळ्याआधी गटारातून उपसून ठेवलेला गाळाचा ढीग. तोही दोन दिवसांत बसतो.

मी पूर्ण वेळ चढते. म्हणजे वर्षाचे काही महिने चढते आणि उरलेल्या महिन्यांत चढण्यापुरतं कमावते. अशा माणसाला कातळ, काम आणि स्वस्त छप्पर या तीन गोष्टी जवळ लागतात, आणि तिन्ही एकत्र असतील अशी जागा देशात मला तरी सापडलेली नाही. पुण्यात मी चढाईच्या एका कृत्रिम भिंतीच्या मागे, जाड गाद्या रचून ठेवायच्या खोलीत वर्षभर राहिले. भाड्याऐवजी रोज सकाळी सगळा हॉल झाडायचा. छप्पर फुकट, पण अंगाला कायम दुसऱ्यांच्या पायांचा वास. मग एका किल्ल्याखालच्या देवळाची धर्मशाळा. तिथे कातळ दाराशी होता, पण दर आठवड्याला कुणीतरी नवा माणूस येऊन "एकटीच का?" असं विचारायचा. उत्तर द्यायचा कंटाळा आला म्हणून मी जागा सोडली. लोकांना वाटतं मी कातळावर धाडस करते. खरं धाडस भाड्याची खोली मागायला जाताना लागतं.

आई गेली तेव्हा तेरा दिवसांसाठी सुरतेला आले. त्याला आता तीन वर्षं झाली.

आमची एकच खोली आहे आणि तिला लाकडी माळा आहे. माळ्यावर मी. उभं राहता येत नाही, पण झोपायला उभं राहावं लागत नाही. छताच्या लोखंडी पाइपाला लटकून बोटांचा व्यायाम होतो. खाली आबा, म्हणजे माझे वडील. गंमत अशी की चढणाऱ्याने राहावं असं शहर मला अखेर याच सपाट गावात मिळालं. पलसाण्याच्या डाइंग मिलच्या चिमण्या रंगवायच्या असतात, इच्छापोरला टाक्या घासायच्या असतात. दोराला लोंबकळून हे करणारी माणसं कमी, त्यामुळे काम मिळतं. काम संपलं की सकाळची गाडी धरून नवापूर, तिथून पिंपळनेरची बस, पुढे मिळेल ती जीप. दुपारी चारला मी बागलाणातल्या सुळक्यांखाली. प्रवासात एक दिवस जातो, पण खोलीचं भाडं लागत नाही आणि "एकटीच का?" असं कुणी विचारत नाही.

आता आबांविषयी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळे आहे. किंवा माझ्यामुळे.

आबा धुळ्याकडून तरुणपणी आले आणि पस्तीस वर्षं खात्यात राहिले. खातं म्हणजे मागांचा कारखाना; सुरतेत सगळे खातंच म्हणतात. तिथल्या खडखडाटात कान हळूहळू गेले. कानाचं यंत्र आणलं होतं. त्यात पुन्हा खात्याचाच आवाज येतो म्हणून त्यांनी ते साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलंय. स्वतः बोलतात, ओरडून, अहिराणीत. पण त्यांना ऐकवायचं कसं? शेजारच्या काकू दारात उभ्या राहून शिरा ताणून ओरडतात आणि आबा हसून मान डोलावतात, म्हणजे त्यांना काही कळलेलं नसतं.

कळतात त्या फक्त खात्याच्या खुणा. चालू मागांमध्ये कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. एक बोट हवेत झटकलं की तार, म्हणजे धागा, तुटली. मिशीला पीळ दिला की शेठ आला, मग शेठला मिशी असो वा नसो. तळहात उघडा करून दाखवला की ठीक, चालू दे. दोन्ही हात छातीवर फुली मारून धरले की नाही, बंद कर. मान हलवलेली चालत नाही, कारण मागांवर वाकून सगळ्यांच्याच माना दिवसभर हलत असतात. लहानपणी मी आबांचा डबा घेऊन जायची. मी दारात दिसले की शेजारचा कारागीर एका हाताने स्वतःची छाती थोपटायचा आणि दुसरा हात आबांच्या आठही मागांवरून सपाट फिरवायचा. म्हणजे, तू जा, तुझे माग मी बघतो. मग आबा बाहेर येऊन माझ्याबरोबर जेवायचे. मी ती भाषा डब्याबरोबर शिकले, कुणी शिकवली नाही.

आईला ती येत होती. तिच्यानंतर मला. आबांचे जुने सोबती एकेक करून गावाकडे परतले. सुरतेत आबांशी खरं बोलणारी मी एकटी उरले, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या दोराच्या जोडीदारणीने घर शोधलं. ती नाशिककडची, शाळेतली नोकरी सोडून माझ्याच वाटेला लागलेली. वाऱ्यात हाका ऐकू जात नाहीत म्हणून मी तिला आबांच्या सात-आठ खुणा शिकवल्या होत्या. ढील हवी, दोर ताण, थांब, असं आम्ही सुळक्यावर हातांनीच बोलतो. घर सुळक्याच्या अगदी खाली होतं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, नळाला दिवसाआड पाणी. मालक शहरात गेलेला. घर बंद राहून पडू नये एवढीच त्याची इच्छा, भाडं नावापुरतं. ती म्हणाली, "हंगाम सुरू होतोय. तू येतेस का सांग. नाहीतर मी दुसरं कुणी बघते."

तिचं चुकत नव्हतं. सुरतेहून ये-जा करून मी आहे तेवढीच चढत राहीन. कातळाखाली राहिले तर पुढची पाच वर्षं, जी अंगात उरली आहेत असं मी धरून चालते, ती नीट वापरता येतील. मी तिच्याकडे आठ दिवस मागितले आणि आबांना काही सांगितलं नाही.

त्याऐवजी एक चाचणी घेतली. पलसाण्याला कामावर असताना आबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी एका हातात फोन धरला. म्हणजे बोलायला हात उरला एकच, आणि खात्याची निम्मी भाषा दोन हातांची आहे. मला पंखा दिसला, हनुवटी दिसली, मधूनच पाच बोटं येऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी घरून निघताना फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवायला शिकवलं. तेव्हा शर्टाची तीन बटणं दिसली आणि बोलणारे हात चौकटीच्या बाहेर. मेसेज ते वाचतात, पण उत्तर म्हणून जोडलेल्या हातांचं चित्र तेवढं पाठवतात. मी विचारलं, "जेवलात का?" जोडलेले हात. "गोळी घेतली का?" जोडलेले हात. मला हसू आलं आणि मग थांबलं. मी गेले तर या माणसाशी बोलणारं कुणी राहणार नाही, एवढं साधं होतं ते.

सातव्या दिवशी मी आबांना बरोबर घेतलं. ते मला वर्षानुवर्षं विचारत आले होते, "वर काय शे?" आणि मी दर वेळी खांदे उडवून दाखवायची, काही नाही. म्हटलं, एकदा बघू द्या. खरं कारण वेगळं होतं. त्यांनी माझी चढाई बघावी, घाबरावं, आणि नको म्हणावं, म्हणजे निर्णय माझ्यावर येणार नाही, असा माझा डाव होता. आज लिहिताना तो फारच हलका वाटतो.

सुळक्याच्या पायथ्याशी आबा एका सपाट धोंड्यावर डबा मांडीत घेऊन बसले. त्यांनी दोराची गुंडाळी हातात घेतली, दोर बोटांतून सरकवून पाहिला आणि मोठ्याने म्हणाले, "चांगलं शे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. मी पाण्याच्या बाटल्या भरायला हापशावर गेले आणि परत आले तेव्हा ते आणि माझी जोडीदारीण समोरासमोर बसून हातवारे करत होते. मला बरं वाटलं. तिला येत होत्याच किती खुणा! काय बोलत असतील, मी विचारलं नाही. तिच्या हातात किल्ली होती हेही मी तेव्हा पाहिलं, पण त्यावरून काही लक्षात आलं नाही.

मी पुढे चढले. खालून जोडीदारीण दोर सोडत होती. पंचवीसेक मीटरवर कातळ फुगून बाहेर येतो. त्याच्याखाली पाय ठेवायला दोन बोटांची कड आहे आणि डाव्या हाताला एक भेग. भेगेत डावा हात कोंबून मी उभी राहिले आणि ढील मागायला खाली वळले. वारा होता. तिने ढील दिली. आणि तिच्या मागे, धोंड्यावर, आबा उठून उभे राहिले.

खात्यात नियम असा की नजरेला नजर मिळाली की बोलून घ्यायचं, पुन्हा मिळेल न मिळेल. त्यांनी आधी माझ्याकडे बोट केलं. मग दोन्ही हातांची बोटं जुळवून छप्पर केलं आणि गावाच्या कडेला, त्या पत्र्याच्या घराकडे दाखवलं. माझ्या लक्षात आलं की जोडीदारणीने सगळं सांगून टाकलंय. तिचा काय दोष? मी लपवलंय हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, आता फुली मारतील. मी वाट बघत होते फुलीची.

आबांनी एका हाताने स्वतःची छाती थोपटली. दुसरा हात सपाट धरून समोरून सावकाश फिरवला, आठ मागांवरून फिरवतात तितका लांब. तू जा, तुझे माग मी बघतो.

माझे कुठले माग? सुरतेतली एक खोली, आणि त्या खोलीत ते स्वतः.

माझा डावा हात भेगेत होता. उजवा मोकळा होता. नाही म्हणायला दोन हात लागतात. मी तळहात उघडा करून दाखवला. ठीक, चालू दे. आबांनी पाहिलं आणि खाली बसले. मी वर वळले, फुगवटा पार केला, आणि त्या दिवशी इतकी छान चढले की मला स्वतःची लाज वाटली.

जोडीदारीण माझ्यामागून वर आली, आणि दोन तासांनी आम्ही दोघी दोरावरून खाली उतरलो. आबांनी डबा उघडून ठेवला होता, भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत. हापशाचं पाणी पिऊन झालं होतं. "आठलं पानी गोड शे," ते ओरडले, आठलं म्हणजे इथलं. गावात गॅसची टाकी कुठे मिळते, ते त्यांनी मला बोटांनी विचारलं. मग घराकडे पाहून पत्रा एका बाजूने उचकटलाय, तो पुढच्या पावसाआधी ठोकून घ्यावा लागेल, हे सांगितलं. मी हेल्मेट काढलं, कमरेचा पट्टा सोडला, दोर गुंडाळून त्यांच्या शेजारी ठेवला. "जेवी ले," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले, नजरेला नजर देऊन, मला काही बोलायचं असेल तर बोलता यावं म्हणून.

माझे दोन्ही हात मोकळे होते. मी भाकरी मोडून घेतली.