अकरा दिवस वजा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लंडनमधली आमची हॅरोची टीम रविवारच्या क्रिकेट लीगमध्ये एजवेअरच्या टीमशी गुणांत बरोबरीत होती, चार सामने उरले होते आणि शेवटचा सामना त्यांच्याशीच होता. टीममध्ये मी खेळाडू नव्हतो. माझ्याकडे स्कोअरबुक आणि लीगशी पत्रव्यवहार एवढंच होतं.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी सगळे कॅप्टनच्या घरी जमले. कॅप्टन पन्नाशीला टेकलेले, गुडघ्याला कायम पट्टा. त्या हिवाळ्यात ते नोकरी सोडून कायमचे पुण्याला परत जाणार होते. अकरा वर्षं खेळून त्यांना कप एकदाही मिळाला नव्हता, आणि ही त्यांची शेवटची संधी होती.

चिवड्याच्या डब्याशेजारी सामन्यांचा तक्ता पसरला होता.

"एजवेअरला बघ, आपली सोडून रिमेनिंग तिन्ही मॅचेस तळाच्या टीम्सशी. आणि आपल्याला टॉपच्या. टोटली अनफेअर आहे हे," आमचा विकेटकीपर म्हणाला.

मला या भांडणाची मोठी मौज वाटत होती. याच तळाच्या टीमना आम्ही मे महिन्यात हरवून आलो होतो, तेव्हा तक्ता कोणालाच अन्यायाचा वाटला नव्हता. एप्रिलमध्ये सरळ असलेला कागद ऑगस्टमध्ये वाकडा कसा होतो, याचं मला खरंच कुतूहल होतं. कोणी घरच्या मैदानावरचे सामने मोजत होतं, कोणी पावसाने बुडालेले. मधे एक रविवार आम्हाला विनाकारण सुट्टी दिली होती, त्याने आमची लय बिघडली, हाही अन्यायच ठरला.

आणि मग खरा मुद्दा निघाला. शेवटचा सामना नेमका गणेश चतुर्थीच्या रविवारी होता. शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसायचा, पूजेला दरवर्षी कॅप्टनच बसायचे आणि आमची अर्धी टीम तिथे प्रसादाला आणि आरतीला असायची. सामना पुढे ढकलता येत नव्हता, कारण दुसऱ्याच आठवड्यात मैदानावर फुटबॉलचे गोलपोस्ट रोवले जायचे.

"आपण गणपतीची डेट लीगला कळवली होती ना?" कॅप्टननी मला विचारलं.

"कळवली होती," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. जानेवारीत लीगचा फॉर्म यायचा, त्यात नको असलेला एक रविवार लिहायचा असे. तो मी भरला होता. पण जुलैत मंडळाचं पत्रक हातात आलं आणि मी फॉर्मची कार्बन कॉपी काढून बघितली. माझी तारीख जवळजवळ महिनाभर अलीकडची होती. लीगने ती इमानदारीत पाळली होती. ती विनाकारण सुट्टी म्हणजे आमचा गणपतीचा रविवार होता.

त्या संध्याकाळी मी मूग गिळून बसलो. सगळं खापर लीगवर फुटलं आणि निषेधाचं पत्र लिहायचं ठरलं.

माझी चूक कशी झाली, हे मात्र मलाच कळत नव्हतं. ते उलगडलं एजवेअरच्या कॅप्टनने. तो मुंबईहून आलेला मराठी ज्यू, माझ्याच ऑफिसात होता. कॅन्टीनमध्ये मी त्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने सरळ विचारलं, "तू तारीख काढलीस कशी?"

"गणपती दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतो. मागच्या वर्षीच्या तारखेतून अकरा वजा केले. गेल्या खेपेला बरोबर आलं होतं."

तो सँडविच खाली ठेवून हसला. "अरे, यंदा धोंड्याचा महिना नाही का? लहानपणी आमच्या शेजारच्या काकू त्या महिन्यात जावयाला अनारसे करायच्या, आम्हालाही मिळायचे. आमच्या कॅलेंडरमध्येपण असा जादाचा महिना येतो. ॲम्बुलन्ससारखा तो मधे घुसतो आणि पुढचे सगळे सण मागे थांबतात."

घरातलं पंचांग न बघता वजाबाकी करणारा मी, आणि मला अधिक महिना शिकवला तो त्याने. लाज वाटली.

पुढच्या रविवारी पत्र तयार होतं. दहा सह्या झाल्या होत्या. कॅप्टननी पेन माझ्या हातात दिलं.

"अहो, लीगची चूक नाही," मी म्हणालो. "मी अधिक महिना विसरलो." आणि कार्बन कॉपी टेबलावर ठेवली.

कॅप्टननी ती शांतपणे वाचली, मग पत्राची चौकोनी घडी करून खिशात घातली.

"तरीच तो रविवार मोकळा होता," ते म्हणाले. "पूजेला मी बसणार, ते काही बदलत नाही. मॅचला माझ्या जागी तू उतर."

त्या रविवारी आम्ही आठ जण खेळलो आणि सपाटून हरलो. मी दोन चेंडू टिकलो. संध्याकाळी कॅप्टन रेशमी धोतरावर टोपीचं अनोरॅक जाकीट घालून मैदानावर आले. हातात मोदकांचा डबा होता. तोवर कप एजवेअरच्या गाडीच्या डिकीत गेला होता. त्यांनी पहिला मोदक एजवेअरच्या कॅप्टनला दिला, दुसरा मला. गुडघ्याचा पट्टा त्यांनी त्या दिवशी बांधला नव्हता, तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

ते पुण्याला गेले. जानेवारीत लीगचा फॉर्म आला त्याच आठवड्यात त्यांचं पाकीट आलं. आत नव्या वर्षाची दिनदर्शिका होती, गणपतीच्या दिवसाभोवती लाल वर्तुळ होतं आणि एक चिठ्ठी: "यंदा तरी पोरांना खेळू दे."

रागाचा शब्द नव्हता. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो, मग बसून फॉर्म भरला.